कूस

नाव सांगा.
हिल्का माकी.
काम?
शाळेची बस चालवते. तेवीस वर्षं.
मयताशी नातं?
लघुलेखिकेची बोटं यंत्रावर अधांतरी थांबतात.
मुलगी, मी म्हणते.

टेबलावर तक्ता. पुरावा क्रमांक चौदा.
दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी.
उजवी, डावी, उजवी, डावी,
रात्री दोन, पहाटे चार, सहा,
प्रत्येक चौकोनात निळी खूण,
सगळ्या सारख्याच तिरक्या, एका दमात घातलेल्या,
कच्च्या टाक्यांसारख्या.

अकरा फेब्रुवारीला रुग्णवाहिका आईला घेऊन गेली.
बर्फ सारणारी गाडी पुढे, ती मागे.
तक्त्यात आई बारालाही कूस बदलते,
तेरालाही,
रिकाम्या पलंगावर
उजवी, डावी.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला चादरीखालचं दाखवलं.
माकडहाडापाशी. मूठ जाईल एवढं.
त्याचा फोटो पंधरा क्रमांकावर आहे.
तो पालथा ठेवलाय. सगळे त्याच्या पाठीकडे बघतात.

'तुम्ही रविवारीच भेटायला जायचात, खरं ना?'
कंपनीचा वकील सभ्य आहे, पाणीसुद्धा त्यानंच ओतून दिलं.
रविवारी. रस्ता बंद नसेल तर.
'आणि पांघरूण कधी उचलून पाहिलं नाहीत?'
नाही.
मी केस विंचरायचे. वेलदोड्याचा पाव न्यायचे,
कडा काढून, दुधात भिजवून.
निघताना पांघरूण नीट खोचून द्यायचे.
खोचून द्यायचे मी.

जिच्या कुशीत नऊ महिने
हवी तेव्हा, हवी तशी वळले, लाथा झाडल्या,
तिला या कुशीवरून त्या कुशीवर करायला
दोन हात लागतात आणि चार मिनिटं.
ट्रेंबाथबाईंनी, माझ्या वकिलांनी, हिशेब मांडलाय:
सव्वीस खाटा, रात्रपाळीला एकच बाई.
दोन तासांतली सोळा मिनिटं उरतात,
त्यात लघवी, औषधं, घंटा,
आणि कुणी मरत असेल तर ते.

ती एकच बाई बाहेर बाकावर बसलीय. जोलीन कॅडॉट.
माझ्याच बसनं शाळेत जायची,
तिसरं सीट, खिडकी, एकाच हातात मोजा.
खुणा मी केल्या, असं ती सांगणार आहे.
सोमवारी ऑफिसात बसवून
आठवड्याच्या आठवडा करून घेतल्या, असंही.
मघाशी तिच्यासमोरून गेले.
तिनं मला 'मिसेस माकी' म्हटलं, बसमध्ये म्हणायची तसंच.
मला तिचा राग हवा होता. शोधला. पुरेसा मिळाला नाही.

मधल्या सुट्टीत एक कागद येतो.
आकडा मोठा. खाली बारीक अक्षरांत:
चूक कबूल नाही, आणि याबद्दल कुठेही बोलायचं नाही.
आकडा मी बघितला नाही असं नाही.
छप्पर दोन हिवाळे गळतंय.
मग कागदाची घडी केली, घडीची घडी केली,
आणि ट्रेंबाथबाईंना म्हटलं, परत द्या.

शेवटी रात्रीची नोंदवही. सतरा.
तीन आठवडे, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत:
रुग्ण सातू नावाच्या कुणाला तरी हाका मारते. भ्रमिष्ट.
'हा सातू कोण? तुमचे वडील?'
वडिलांचं नाव टॉइवो.
आईचं इंग्रजी शेवटी गळून गेलं होतं,
लहानपणीची फिनिश तेवढी उरली.
सातू कुणी नाही.
सात्तू म्हणजे दुखतंय.

हीटर घरघरत राहतो.
लघुलेखिका पहिल्यांदाच मान वर करते.
कसं लिहायचं, विचारते.
मी सावकाश सांगते.
त-ला त.
शेवटचा ऊ दीर्घ,
श्वास पुरेल तितका.